सहा समाधानं

सोनई, ४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायची सोय नाही. पाणीवाल्या बिभीषणची नि आमची भिंत एकच. म्हणून हे पत्र. वीज गेली की त्याचं पाणी गाळायचं मशीन बंद पडतं, तरी तो बोअरच्या नळीने थेट जार भरतो, हे मी गच्चीवरून पाहिलं. आळीत तिघांना कावीळ झाली, म्हणून तुझ्या ग्राहक मंडळाकडे तक्रार केली. काल तो तीच तक्रार हातात घेऊन ओसरीवर येऊन बसला. चहा प्यायला, आणि काकी, तुमची नात एकलीच चालत जाती व्हय साळंला, एवढंच विचारून गेला.

तेव्हापासून सुरेखाच प्रणिताला सोडते-आणते, पण सुनेला खरं कारण सांगायची हिंमत होत नाही. तक्रार मागे घे. बहिणीवर रागावू नकोस.

तुझी शोभा

नगर, ८ फेब्रुवारी

चि. शोभास,
अनेक आशीर्वाद.

पालीला भिऊन शेजारी झोपायला जाणारी तू तक्रार करतेस, याचंच मला केवढं कौतुक वाटलं होतं! तक्रारीची प्रत नावासकट दुकानदाराला जाते, त्याला उत्तराला पंधरा दिवस मिळतात, हा आमचा नियम. गठ्ठ्यातल्या बाकी कागदांसारखी त्यावरही मी सही केली. तो तुझ्या भिंतीपलीकडे राहतो हे मनातच आलं नाही. चूक माझी. आज तक्रार मागे घेतली, फाइल बंद. आता निवांत झोप. प्रणिताला पापा, तुला माया आहेच.

तुझा शरच्चंद्रदादा

सोनई, १९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शाळेत नोटीस लागली आहे. पुढच्या महिन्यापासून मुलांना बिभीषणच्या जारचं पाणी! हेडमास्तरांकडे गेले, तर त्यांनी तुमच्या मंडळाची यादीच पुढे केली. बिभीषणपुढे 'उत्तम' असा शेरा, खाली तुझी सही. दादा, हे कसं झालं? प्रणिताला घरून बाटली देईन, पण बाकीची दोनशे पोरं? जीव थाऱ्यावर नाही. लगेच लिही.

तुझी शोभा

नगर, २२ फेब्रुवारी

चि. शोभास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तडक फाइली काढल्या. आमच्या फॉर्मवर रकाने दोनच, 'प्रलंबित' आणि 'समाधान झाले'. मागे घेतलेली तक्रार दुसऱ्यात जाते. वर्षानुवर्षं मीच घालत आलोय. जुनी पानं उलटली. बिभीषणविरुद्ध दोन वर्षांत तुझी धरून सहा तक्रारी, सहाही मागे घेतलेल्या. सहा समाधानं, म्हणून 'उत्तम'. ती माणसं तुझ्यासारखीच भ्यायलेली असणार, आणि मी त्यांना खूश धरलं.

शेरा बदलायला मंडळाच्या समितीला नावासकट केलेली, मागे न घेतलेली एक तरी तक्रार लागते. बाकी पाचांना फोन केले. कुणी तयार नाही. तुला मी सांगणार नाही. मलाच धीर होत नाही. सांभाळून राहा.

दादा

सोनई, २५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सोबत नवा अर्ज आहे, पूर्ण नावपत्त्यासकट. मला धीर आलाय असं समजू नकोस. अंगणात पाऊल वाजलं तरी आधी कडी लागलीय का ते बघते. एक प्रत हेडमास्तरांना आधी पोचव, मग नियमाप्रमाणे त्याला जाऊ दे. काल सुरेखाला सगळं सांगितलं. ती उठून भांडी घासायला गेली. आशीर्वाद पाठीशी असू दे, या वेळी जरा जास्तच.

तुझी शोभा

ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं, तेव्हा सुरेखाने अर्ज ओढून घेतला आणि मी नको नको म्हणत असताना माझ्या सहीखाली सही केली. तिचंही नाव घाल.