बोटाआधी वाजलेला सूर

मंगळवार, १४ मार्च, दुपार

प्रिय ताई,

गुडघ्यांना परवडेल इतकं वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक. हिची खोकल्याची तक्रार आणि माझी हिच्याबद्दलची तक्रार, दोन्ही जुन्याच. शाळेत नववीला संस्कृत घेणारी अकरा मुलं उरली आहेत. चौघं मार्कांसाठी, बाकीची चुकून.

तुझ्या आज्ञेप्रमाणे शनिवारी हेरगिरीला गेलो. भावोजींच्या बँडला चाळीस वर्षं झाली म्हणून सभागृह भरलेलं, प्रेक्षकांचं सरासरी वय साठ. पहिल्याच गाण्यात माझ्या शेजाऱ्याची एक डुलकी काढून झाली. गाण्याचा दोष नाही, ते बावीस मिनिटांचं होतं. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय हे मला अजून कळलेलं नाही, पण मात्रा मोजता येतात. सात, सात, मग एकदम पाच. आमच्या संस्कृत छंदांतही इतका आडमुठेपणा नसतो.

मी शोधत होतो ती बाई. दीड वर्ष दौऱ्याच्या निमित्ताने घराबाहेर असलेला तुझा नवरा फोनवर "तालमीत आहे" म्हणतो, तेव्हा मागे जिचा आवाज येतो ती. रंगमंचावर चार म्हातारे, बाई एकही नाही. हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं की मला संशय येतोच.

माझी जागा डावीकडे, अगदी कडेला. तिथून ऑर्गनवरचे भावोजींचे हात दिसत होते. त्या लांबलचक गाण्यात मध्येच सगळे थांबतात, तीन मात्रा शांतता, आणि मग एकट्या ऑर्गनचा सूर. मी मोजत होतो. सूर आला. भावोजींचं बोट त्यानंतर पट्टीवर पडलं.

त्यानंतर, ताई! न्यायशास्त्रात कार्य कारणाच्या आधी येत नाही. इथे आलं, आणि वर टाळ्याही घेतल्या. मग मी पाहिलं, तर ड्रमवाला भावोजींकडे बघतच नव्हता. तो मागच्या काळ्या पडद्याच्या फटीकडे बघून ठेका धरत होता.

कार्यक्रम संपल्यावर मागे गेलो. पडद्याआड दुसरा कीबोर्ड आणि त्याच्यापुढे ती. पन्नाशीची, चष्मा, गळ्यात हेडफोन, चपला काढून बसलेली. मी कोण हे कळताच चपला हातात घेऊन निघूनच गेली.

"या शास्त्रीबुवा," भावोजी म्हणाले. "बहिणीने पाठवलं?"

"मी संगीतप्रेमी आहे."

"तुम्ही? मागच्या वेळी कानात कापूस घालून बसला होतात."

"ती कोण?" मी सरळच विचारलं.

इथपर्यंत लिहून मी दोनदा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा उगाच.

त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. शेवटची दोन बोटं आत वळलेली, उघडत नाहीत. दौरा सुरू झाला त्याच महिन्यापासून. डॉक्टरांनी आशा ठेवू नका म्हणून सांगितलंय. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. ती वाजवते, हे नुसते हात फिरवतात.

"मग ताईला सांगा की! तिला वाटतंय तुमचं बाहेर काहीतरी..."

"माहीत आहे काय वाटतंय ते. वाटू दे. रागावलेली बायको चालेल मला. माझ्या शर्टाची बटणं लावून देणारी नको."

हे तुला कळवणार नाही, असा त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. मी दिला. तीन दिवस पाळलाही. पण येत्या गुरुवारी तू घटस्फोटाचे कागद घेऊन वकिलाकडे जाणार आहेस.

जाऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. दीड वर्ष त्यांनी तुला फसवलंच आहे, फक्त तू समजत होतीस तसं नव्हे. पण वकील कुठे पळून जात नाहीत, आणि या शनिवारी भावोजी पुन्हा त्याच सभागृहात आहेत. मागच्या दाराने जा. हाताकडे लगेच बघू नकोस. आधी कडकडून भांड.

दिलेल्या शब्दाला न जागलेला,
तुझाच धाकटा