मोरिवलीची खिडकी

गेंट, बेल्जियम
मार्च २००९

प्रिय आईस,
सप्रेम जयभीम.

मी मजेत आहे, भात रोज शिजवते. आमचा लेझर आता नखाएवढ्या चिपवर मावतो आणि हवेतला गॅस माणसाच्या नाकाआधी ओळखतो.

परवा लॅबमध्ये थोडा अमोनिया गळला. सगळे खिडक्या उघडायला धावले आणि मी पटापट लावत सुटले! मोरिवलीत वास बाहेरून, केमिकल कंपन्यांतून येतो ना. खूप हसले सगळे.

बाबांचा खोकला कसा आहे? फोनवर तू म्हणालीस, हल्ली कंपन्यांचा वास येतच नाही, म्हणून खिडकी उघडीच असते. मिलिंददादा तर म्हणतो, रोज येतो.

आई, डॉक्टरला एकदा नाक दाखव. माझी चिप घरी येईपर्यंत दादाला विचारूनच खिडकी उघड.

तुझीच,
मित्रा