एकसष्ट नंबरचा पडदा

स्कारबेक,
४ फेब्रुवारी २०१३

प्रिय मेव्हिस,

अ. उ. आ. थोरली आहे म्हणून आशीर्वाद देते. चौऱ्याहत्तरीत देण्यासारखं दुसरं फारसं उरत नाही.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, तेव्हा आपली पत्रंच बरी. तुझं कंबरेचं दुखणं कमी आहे हे वाचून जिवाला बरं वाटलं. जिन्यावरून चढउतार करू नकोस. तुझ्या बंगलीला जिना नाही हे मला ठाऊक आहे, पण तू शेजारणीकडचा चढतेस.

इथली बातमी अशी की हाय स्ट्रीटवरच्या बंद पडलेल्या बँकेच्या आत कौन्सिलने एक भिंत मोकळी केली आहे. या रस्त्यावर कोणतं दुकान, कोणती खानावळ हवी ते लोकांनी कार्डावर लिहून तिथे टाचायचं. कौन्सिलची एक मुलगी घरोघर, दुकानोदुकानी कार्डं वाटत फिरली. भाजीवाल्याला दिली, केस कापणाऱ्याला दिली, अगदी कुत्र्यांना आंघोळ घालणाऱ्या त्या बाईलाही दिली. माझ्याकडे तेवढी आली नाही. चव्वेचाळीस वर्षं एकसष्ट नंबरमध्ये हार्डवेअरचं दुकान चालवते आहे, आणि मला कार्ड नाही. मी काही रडत बसले नाही, पण लागलं.

खरं सांगते, आता दमले. सकाळी उठायचं, मागच्या अंगणातून दुकानात यायचं, दिवे लावायचे, दारावरची पाटी फिरवून ‘उघडे आहे’ करायची आणि स्टुलावर बसायचं. नॉर्मन प्लंबर मागच्या दाराने येतो, चर्चची डागडुजी करणारा म्हातारा येतो, आणखी दोघंतिघं जुने. ते वॉशर नेतात, चहा पितात, हवेला शिव्या देतात. पुढच्या दाराची घंटा मात्र नाताळनंतर दोनदा वाजली, त्यात एकदा पोस्टमन होता. ईस्टरला बंद करावं असं मनात आहे. कुणाला नकोच असेल तर मी कुणासाठी बसू?

माझा क्लिफ असता तर म्हणाला असता की बेरिल, तुला बसायला तरी जागा आहे. पण तो नाही.

प्रकृतीला जप, आणि आहे ती माया आटू देऊ नकोस.

तुझी,
बेरिल


पेनमोर,
९ फेब्रुवारी २०१३

प्रिय बेरिल,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा लावून.

ईस्टरला बंद कर. मी कधीपासून सांगते आहे. लोकांना आता मोटारीने जाऊन त्या मोठमोठ्या गोदामांतून सामान आणायची सवय लागली, त्यात तुझा काय दोष? त्यांना हार्डवेअरचं दुकान नकोच आहे. कशाला त्या अंधारात झिजतेस?

इथे समुद्राकडची खोली तुझ्यासाठी तयार आहे. पलंग खिडकीजवळ सरकवून घेतला. सकाळचं ऊन थेट उशीवर येतं, म्हणून जाड निळा पडदा शिवून लावला आहे. ग्विलिम गेल्यापासून मी स्वयंपाकघरात दोन कप काढते आणि एक परत ठेवते. त्या दुसऱ्या कपाला तुझी गरज आहे असं समज. मला तर आहेच.

माझंही एक कार्ड लिहून टाच. मी त्याच रस्त्यावर जन्मले, मलाही हक्क आहे. माझी मागणी: मासळीचं दुकान, पूर्वी होतं तसं, संगमरवरी फळीवर बर्फ आणि मागे तो देखणा टॉमी. टॉमी मिळत नसेल तर नुसते बांगडे चालतील. आणि क्रीम भरलेली कुरकुरीत शिंगं विकणारी बेकरी, जिथे खाताना नाकाला क्रीम लागलं तरी कुणी बघत नाही.

उगाच मनाला लावून घेऊ नकोस. ये.

माझ्यावर जीव आहे तो तसाच असू दे.

तुझी,
मेव्हिस


स्कारबेक,
२० फेब्रुवारी २०१३

प्रिय मेव्हिस,

अ. उ. आ.

तुझं कार्ड टाचायला म्हणून बँकेत गेले, आणि तिथली सगळी कार्डं वाचत तासभर उभी राहिले. पायांचे तुकडे पडले.

आधी गमतीचं सांगते. मासळीचं दुकान मागणारे तुझ्याशिवाय एकोणीस आहेत. बायकांच्या अक्षरात ‘टॉमी’ असं दोन ठिकाणी लिहिलेलं आहे, तेव्हा फार मिरवू नकोस. मुलांचे पाय नीट मापून बूट देणारं दुकान पुष्कळांना हवं आहे. संध्याकाळी सातनंतर बसून जेवता येईल आणि शेजारच्या टेबलावर कुणी मारामारी करणार नाही अशी जागा हवी आहे. पाद्रीसाहेबांना चीजचं दुकान हवं, त्यांनी चीजांची नावंही लिहिली आहेत. कुणा मुलाने सिंह विकणारं दुकान मागितलं आहे. आणखी सलून कुणालाच नको.

आता ऐक. सगळ्यांत जास्त कार्डं कशाची असतील? हार्डवेअरच्या दुकानाची. एकतीस. मी बोट लावून मोजली. एकाने लिहिलं आहे की जिथे एकच स्क्रू मागितला तर एकच देतात असं दुकान हवं. एकीने लिहिलं की मोडलेली वस्तू हातात घेऊन जावं आणि समोरच्या माणसाने ती बघून काय लागेल ते सांगावं. एकाने तर लिहिलं की पूर्वी खालच्या टोकाला असं एक दुकान होतं, ते बंद झालं याचं फार वाईट वाटतं.

मेव्हिस, पूर्वी होतं म्हणे. मी तिथे उभी होते, अंगात क्लिफचा खाकी डगला, खिशात पट्टी आणि पेन्सिल, आणि माझ्या शेजारची बाई ते कार्ड वाचून मान हलवत म्हणाली की अगदी खरं आहे. घरी आले आणि जेवले नाही.

मी काय मेले आहे का? आणि मेले असले तर मला कुणी सांगितलं कसं नाही? लोकांना नको म्हणून बंद करणं मला जमलं असतं. हवं आहे आणि तरी कुणी दारात येत नाही, हे मला उलगडत नाही. तू या रस्त्यावर वाढलीस, तुझं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतं. काय चुकतंय ते सांग. तोवर ईस्टरचं काही ठरवता येत नाही.

जमलं तर लवकर लिही. तुझ्याशिवाय हे विचारायला कुणी नाही.

तुझी,
बेरिल


पेनमोर,
२५ फेब्रुवारी २०१३

प्रिय बेरिल,

सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला चार दिवस लागले, आणि तीन कागद फाडले. आता जसं येईल तसं लिहिते.

तुझ्या दुकानाचा पडदा खाली आहे.

क्लिफ गेला तेव्हा तू तो खाली ओढलास. आपल्याकडे तसंच करतात. घरात माणूस गेलं की पुढचा पडदा पडतो आणि अंत्यसंस्काराहून परतलं की वर जातो. आईच्या वेळी तूच मला हाताला धरून तो वर करायला लावलंस. क्लिफच्या वेळी आपण परत आलो, सँडविचेस खाल्ली, लोक गेले, आणि पडदा तसाच राहिला. ‘उघडे आहे’ ची तुझी पाटी त्या पडद्याच्या मागे लटकते. तू रोज मागच्या अंगणातून येतेस आणि मागच्या अंगणातून जातेस, तुझी जुनी माणसंही तिकडूनच येतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते साडेतीन वर्षं बंद पडलेलं दुकान दिसतं. कार्डं वाटणाऱ्या मुलीलाही तेच दिसलं असणार.

मला हे कसं कळलं ते सांगते, आणि इथेच माझी मान खाली जाते. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी आले तेव्हा टॅक्सी पुढच्या बाजूला थांबली. ड्रायव्हरने विचारलं की बाई, हे तर बंद आहे, नक्की इथेच का? तेवढ्यात एक तरुण बाई हातात नळाची मोडकी मूठ घेऊन आली, काचेला नाक लावून बघितलं आणि परत फिरली. तिला हाक मारायला मला एक शब्द पुरला असता. मी मारली नाही. बॅग उचलून बोळातून मागे आले आणि तुझ्याबरोबर चहा प्यायले.

आठ दिवस राहिले आणि तुला बोलले नाही. कारण ग्विलिमला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते आणि मला तू इथे हवी होतीस. मनात म्हटलं की गिऱ्हाईक आलं नाही तर दमेल, दमली तर येईल. मागच्या पत्रात लोकांना तुझं दुकान नको आहे असं लिहिलं, तेही त्याच लबाडीने. तू सरळ विचारलंस म्हणून आता खोटं बोलवत नाही.

पडदा वर कर, बेरिल. लोक येतील. मग तू इकडे येणार नाहीस हे मी धरून चालले आहे.

रागाव, पण एवढ्यावर तोडू नकोस.

तुझी,
मेव्हिस


पेनमोर,
११ मार्च २०१३

प्रिय बेरिल,

सा. न. वि. वि.

दोन आठवडे झाले. पोस्टमन दिसला की फाटकापर्यंत जाते आणि गॅसचं पत्रक घेऊन परत येते. शिव्या दे, पण कागदावर दे. नुसतं बरी आहे एवढं लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
मेव्हिस


स्कारबेक,
१७ मार्च २०१३

प्रिय मेव्हिस,

अ. उ. आ. या वेळी आशीर्वाद द्यावे की नाही याचा विचार केला होता.

बरी आहे. अकरा दिवस रागात होते. भांडी आपटली, तुझा नाताळचा फोटो ड्रॉवरमध्ये उलटा ठेवला. सख्खी बहीण बाहेर उभी राहून बघते आणि आत येऊन बिस्किटं खाते, याला काय म्हणावं ते मला सापडलं नाही. अजून पूर्ण गेलेला नाही राग. तुझ्यासमोर बसून पाच मिनिटं तुला बोलणार आहे, ते ऐकून घे. ऐकू येत नाही ही सबब चालणार नाही.

पण बाराव्या दिवशी स्टुलावर बसले होते आणि त्या पडद्याकडे बघत होते. आणि आता माझंही ऐक. तो खाली आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. दिवसाढवळ्या दिवे लावून बसणाऱ्या बाईला ते माहीत असतंच. रोज सकाळी पाटी फिरवताना हात दोरीकडे जायचा आणि परत यायचा. पडदा वर केला की काच पुसायला हवी, आणि काच पुसायची तर क्लिफने मांडलेली खिडकी हलवायला हवी. तो ऑक्टोबरात गेला. जायच्या आठवड्यात त्याने हिवाळ्याची मांडणी केली होती. पाइपांना गुंडाळायचं वेष्टण, दोन फावडी, मिठाची पोतडी, आणि त्याच्या हातची चिठ्ठी, थंडी येते आहे, पाइप झाका. ती सगळी मांडणी मी पडद्याआड झाकून ठेवली. तू मला सांगितलं नाहीस आणि मी स्वतःला सांगितलं नाही. तुला जेवढं बोलायचं ठरवलं होतं त्यातलं अर्धं इथेच संपलं.

सोमवारी नॉर्मनने शिडी धरली. दोरी इतकी कुजली होती की हातातच आली, शेवटी पडदा कापून काढला. काच तीनदा धुतली. फावडी आत नेली. चिठ्ठी मी ठेवून घेतली.

दुपारपर्यंत नऊ माणसं आली. सगळी एकच विचारत होती की दुकान कधी उघडलं. मी म्हटलं, १९६९ साली. एका माणसाने एकच स्क्रू मागितला, मी एकच दिला, तर त्याने माझा हात धरून हलवला. शनिवारपर्यंत घंटा इतकी वाजली की डोकं उठलं. पाद्रीसाहेब येऊन दिलगिरी व्यक्त करून गेले. तुला वाटतं तसंच झालं, लोक आले.

आणि मेव्हिस, मी अजूनही दमलेलीच आहे. मला वाटायचं की कुणी येत नाही म्हणून दमते. तसं नव्हतं. पाच वाजता स्टुलावरून उठताना नॉर्मनला हात द्यावा लागला. त्यांना दुकान हवं आहे ते त्यांना मिळायला हवं, पण त्यात उभं राहायला मीच कशाला हवी, हे कुठे लिहिलंय? मला कुणी हाकललेलं नाही, आता मी माझ्या मनाने उठू शकते. हे तुझ्या लबाडीने झालं नसतं. तू रडवेली होऊन लिहिलेल्या त्या पत्रानेच झालं.

म्हणून गुरुवारीच मी बँकेत जाऊन माझं कार्ड टाचलं. हार्डवेअरचं दुकान आहे, नंबर एकसष्ट, दुकानदार हवा. दोघं आली. एकाला तिथे नखं रंगवायचं दुकान काढायचं होतं, त्याला मी केस कापणाऱ्याकडे पाठवलं. दुसरी नॉर्मनची लेक जॅनिस. तिची त्या मोठ्या गोदामातली नोकरी गेली आहे, वय सत्तेचाळीस, आणि बिजागरी नुसती हाताने चाचपून माप सांगते. मेअखेरपर्यंत तिला सगळे खण दाखवते. जूनच्या पहिल्या शनिवारची दुपारची गाडी धरेन. स्टेशनावर येऊ नकोस, कंबर सांभाळ.

दुसरा कप परत ठेवू नकोस. आणि माझ्या खोलीतला तो निळा पडदा काढून टाक. ऊन येऊ दे उशीवर.

तुझी,
बेरिल