संपदाच्या दशमातले गुरू-शुक्र

५ जुलै, शनिवार
मोबाइलवर माइकचं चित्र दाबून बोललं की तो लिहून घेतो. नातीने शिकवलं. मला वाचता येत नाही, त्यामुळे माझं गुपित माझ्यापासूनही सेफ.

नातीला, म्हणजे संपदाला, नोकरी लागली. औषधांच्या कंपनीत, लॅबमध्ये, परमनंट. चौदा तारखेला जॉइन. बी.एस्सी. होऊन पोरगी दोन वर्षं वालीवला कारखान्यात उभ्याने बाटल्यांची झाकणं पॅक करत होती. घरी आली की पाय गरम पाण्याच्या बादलीत. ते काम तिने आजच सोडलं. घरात पेढे. तारीख कुणाला विचारून घेतली, एवढंच मी विचारलं, तर सून लतिका पेढ्यांचा बॉक्स उचलून आत गेली.

फुलपाड्याच्या शत्रुघ्न गुरुजींना फोन लावला. संपदाची पत्रिका कन्या लग्नाची. अठ्ठावीस जुलैपर्यंत बाराव्या घरात मंगळ-केतू. हातचं जाणार. मग मात्र दशमात, नोकरीच्याच घरात, गुरू-शुक्र. बारा ऑगस्टला अगदी चिकटून. दशमात अशी युती बारा वर्षांनी येते.

गुरुजी म्हणतात, पत्रिका जन्मवेळेवर उभी असते. वेळ मी दिलेली, पक्की. पोर इथेच झाली, भुईगावात, दाईच्या हातून. बाहेर धो धो पाऊस, घरातलं एकमेव घड्याळ मुलाच्या मनगटावर आणि मुलगा कामावर. पोर रडली आणि चर्चची बाराची घंटा सुरू झाली. थांबून थांबून, किती तरी वेळ वाजत होती. दुसऱ्या कुणाच्या जन्माला चर्चने एवढी घंटा वाजवलीय?

ठराव: संपदाला एकदाच सांगायचं. मध्ये पडायचं नाही.

७ जुलै
एकदाच सांगितलं. चहाला एकदा, जेवताना एकदा, ती केस धूत होती तेव्हा दाराबाहेरून एकदा. म्हणाली, कंपनी ग्रह बघून मशीन चालू करत नाही. म्हटलं, म्हणूनच वालीवला एवढ्या कंपन्यांना कुलपं लागलीत. हसली. हसली म्हणजे अर्धी ऐकली.

लतिका म्हणाली, आई, तिला जाऊ द्या. मी कुठे अडवतेय? अंगणातच तर बसलेय.

१० जुलै
प्रेशरची गोळी लतिकासमोर तोंडात टाकली, तुळशीत थुंकली. कालही. तुळशीला काही झालेलं नाही, म्हणजे गोळीत दम नाही.

१२ जुलै
चक्कर आली. थोडी खरी, थोडी माझी. डॉक्टर म्हणाले, प्रेशर फार वर गेलंय, घरात कोणी तरी थांबा. संपदाने कंपनीला फोन केला, आजी सीरियस आहे. अठ्ठावीसपर्यंत मुदत मिळाली. मी काही केलं नाही. ग्रहांनी करून घेतलं.

२६ जुलै, शनिवार
शुक्र आला गुरूच्या जोडीला. पण अठ्ठावीसला मंगळ निघतोय, म्हणजे अजून दारात चपला घालतोय. अशा वेळी घरात शिरायचं नसतं. संपदाला म्हटलं, फक्त बारा तारखेपर्यंत माग.

तिने फोन हातात घेतला. मग विचारलं, "आजी, नाही मागितली मुदत, तर तू गोळ्या घेशील का?"

म्हणजे हिला माहीत होतं. मी पदर नीट केला. म्हटलं, बघू. तिने फोन लावला. कंपनीने कळवतो म्हणून सांगितलं. चांगलं लक्षण. नाही म्हणायचं असतं तर लगेच म्हणाले असते.

२ ऑगस्ट
मेल आला. जागा भरली.

बरं झालं. ती तिची नव्हतीच. गुरुजी म्हणतात, बारा तारखेच्या आसपास याहून मोठी येईल.

संपदा अंगणात गेली. दोरीवरचे कपडे काढले, घड्या घातल्या, उलगडल्या, परत घातल्या. लतिका आज माझ्याशी बोललेली नाही. मीही बोलणार नाही. मीठ कमी होतं, तेवढं सांगितलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार
अंगारकी. त्यात युती. पहाटे अंगणात जाऊन बसले. ढग होते, पण माडांच्या वर दोन दिवे, अगदी चिकटून. हात जोडले. शेजारचा हिलरी वाडीत निघाला होता. म्हणाला, ते वसईतल्या नव्या टॉवरच्या क्रेनचे दिवे आहेत.

मी त्याला ग्रह समजावले. पोरीची वेळ सांगितली, बाराची घंटा, थांबून थांबून. तो ओट्यावर टेकला. तारीख विचारली. दोन जुलै म्हटलं.

"हंसाकाकी, बाराच्या घंटेला तीन-तीन ठोके असतात. एकेक, थांबून वाजते ती मयताची. ती माझ्या पप्पांची होती. चार वाजता माती दिली."

तुमच्याकडचं कोणी आलं नव्हतं, सून अडली होती म्हणून, असंही म्हणाला. त्याला राग नव्हता. मला बाराची ऐकू आली नसणार. पावसात कोण ऐकतं.

गुरुजींना फोन. चार म्हणजे वृश्चिक लग्न, म्हणाले. गुरू-शुक्र दशमात नाहीत, आठव्यात. मृत्यूच्या घरात. दशमात कोण? एकटा केतू. केतूला डोकं नसतं, हे मलाही ठाऊक आहे. विचारलं, मग चौदा जुलै कशी होती? म्हणाले, आता ते बघून काय करायचं, आजी. नवी पत्रिका मांडून देतो म्हणाले. मी फोन ठेवला.

ठराव: संपदाला आजच सांगायचं. नैवेद्य झाला की.

चंद्र बघून पोरगी जेवेल, मग सांगू.

उपाशी पोटावर एवढं जेवली, लगेच नको. उद्या.

१४ ऑगस्ट, गुरुवार
संपदा वालीवला परत लागली. तिची टेबलाजवळची जागा दुसरीला दिलीय. आता उभं राहायचं ते मशीनजवळ, कॉन्ट्रॅक्टवर. लतिकाने डबा भरला. मी बादली घासून बाथरूमच्या दाराशी ठेवली.

निघताना चप्पल घालता घालता तिने विचारलं, "आजी, आज कसा आहे दिवस?"

चिडवत होती की खरंच विचारत होती, कळलं नाही. म्हटलं, मला कुठे वाचता येतं.

ती गेली. लतिका बाजारात. प्रेशरची गोळी घेतली. गिळली. बघायला कोणी नव्हतं.