एकोणीस दिवस कमी

३ फेब्रुवारी १९४१, भोर

हुकूम आला. बडतर्फ. पेन्शन नामंजूर. नोकरीला तीस वर्षं पुरी व्हायला एकोणीस दिवस कमी होते. लखोटा हैदर जमादारानं आणला. दारातच उभा राहिला, मान वर करीना. सव्वीस वर्षं माझ्या हाताखाली आहे, मुद्दाम त्याच्याच हातून पाठवला. हे डोकं संस्थानच्या कारभाऱ्याचं. त्याचं नाव या वहीत लिहायचं नाही, शाई विटाळेल. नुसतं का.

कारण काय, तर मी फौजदारानं गुंजवणे गावच्या सहा जणांकडून लाच खाल्ली. खरं कारण तो जाणतो नि मी जाणतो. त्याच्या मेव्हण्यानं वेल्ह्याकडच्या राखीव रानातला साग तोडून नेला, मी दिवाळीत रिपोर्ट केला. रिपोर्ट राजेसरकारांपर्यंत पोचला नाही, हुकूम मात्र माझ्यापर्यंत बरोबर पोचला.

सौ. भाकरी थापत होती. "आता हो काय करायचं?" म्हटलं, त्याला रडवायचं.

६ फेब्रु.

का.कडे गेलो. दोन तास ओसरीवर बसवलं. पूर्वी मी दिसलो की शिपाई ताडकन उठायचे, आज एकजण बसल्या बसल्या पान लावत होता. शेवटी आत बोलावलं. "जबाब आहेत, फौजदार. सहाच्या सहा अंगठे आहेत. मी काय करू?" आणि हसला.

जबाब दाखवा म्हटलं. "कौन्सिलपुढं सुनावणी होईल, तिथंच बघा की."

जिना उतरताना काय काय मनात आलं ते लिहीत नाही. पण एक नक्की, याला पाणी पाजल्याशिवाय मरायचं नाही.

९ फेब्रु.

माझ्या बडतर्फीचं पुण्याच्या पेपरात आलं. अर्धं खोटं. पण मेव्हण्याचा साग छापलाय, ते वाचून दोन घास जास्त गेले.

संध्याकाळी धुमाळ वकील आला. प्रजापक्षाचा पुढारी. दोन वर्षांमागं वेल्ह्याच्या बाजारात यांची सभा मोडली तेव्हा याच्या पाठीत माझीच काठी बसली होती. तरी आला, चहा प्याला. म्हणाला, "तुमच्यावर माझा काही जीव नाही, फौजदार. पण कारभाऱ्याला खाली ओढायचं तर तुमच्याशिवाय जमायचं नाही." मनुष्य आवडला नाही, पण बोलणं आवडलं. हो म्हटलं. कौन्सिल २६ला.

त्याआधी गुंजवण्याच्या त्या सहा हरामखोरांना बघतो.

१२ फेब्रु., गुंजवणे

नसरापूरपर्यंत सर्व्हिस मोटार, मार्गासनीपर्यंत बैलगाडी, पुढं पायी. अंगावर ड्रेस नाही, तर गावची कुत्री भुंकली.

तुका रसाळाच्या अंगणात सहाही जण जमवले. अंगाची लाही होत होती. म्हटलं, "काय मिळालं रे तुम्हाला माझ्याविरुद्ध जबाब द्यायला?"

तुका दोर वळत होता, थांबला नाही. "आमी कंचा जबाब दिला न्हाई, सायेब. आमाला कुनी इचारलंबी न्हाई."

"अंगठे आहेत तुमचे."

"व्हय, असतील की. तुमीच घेतले न्हवं? बैलचोरीच्या चौकशीला आला व्हता, त्या पावसाळ्यात. कोऱ्या कागदावर."

बाकीचे पाच माझ्याकडं बघत होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर एखाद्याला ठेवून तरी दिली असती.

१३ फेब्रु.

लिहून टाकतो, नाहीतर डोकं फुटेल.

पावसाळ्यात नदी चढली की त्या गावांना कारकून जात नाही. म्हणून आम्ही एकदाच जायचं, दिसेल त्याचे चार-पाच अंगठे कोऱ्या कागदांवर घ्यायचे, आणि जबाब चौकीत कोरड्यात बसून लिहायचे. मला जुन्या फौजदारानं शिकवलं, मी हैदरला. सगळेच करतात. उरलेल्या कागदांचा गठ्ठा माझ्या कपाटात. दिवाळीनंतर का.चा कारकून दफ्तर तपासायला आला होता, तेव्हाच त्यातले सहा गेले. मीच त्याला कपाट उघडून दिलं. वर पोहे खायला घातले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

१६ फेब्रु.

हैदर आला. त्याला म्हटलं, कौन्सिलपुढं सांगू, की अंगठे कोऱ्या कागदावरचे आहेत. तो म्हणाला, "साहेब, मग बाळूचंही निघेल."

बाळू, तुका रसाळाचा धाकटा भाऊ. त्याच बैलचोरीत आत आहे, अजून तीन वर्षं राहिलीत. त्याच्याविरुद्ध कोर्टात जो जबाब वाचला त्यावर तुकाचाच अंगठा. मजकूर माझा. सख्ख्या भावाच्या तोंडून भाऊ आत घातला मी. बाळू चोर होताच, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणजे जवळजवळ.

१९ फेब्रु.

धुमाळ म्हणतो, शपथेवर सांगा. कारभारी संपला म्हणून समजा. "आणि मी?" म्हटलं. "तुमचं पेन्शन तर गेलेलंच आहे. वर खटला होईल. वकीलपत्र मी घेईन." मेल्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

दुपारी का.चा कारकून, तोच पोहेखाऊ. निरोप असा: गप्प बसाल तर सरकारांची मेहेरबानी म्हणून निम्मं पेन्शन.

सौ. म्हणाली, "घ्या. उरलेले दिवस सुखानं भाकरी खाऊ." म्हटलं, तो हसला मला. तर म्हणते, "हसू द्या. तुम्ही कुणाला हसला नाहीत का?" इतक्या वर्षांत अशी कधी बोलली नव्हती. ताटावरून उठलो.

२२ फेब्रु.

आज तीस वर्षं झाली असती.

कारकुनाला हाकलून दिला. निम्मं पेन्शन खाऊन त्या माणसाला रोज सलाम करायचा, त्यापेक्षा खडी फोडीन. माझं घर जळलं तरी चालेल, त्याच्या घराला आच लागली पाहिजे. डूख धरलाय तो धरलाय.

पण बडतर्फ माणसाचं एकट्याचं कोण ऐकतो? त्या सहा जणांनी स्वतः उभं राहून सांगितलं तरच का. सापडतो, नाहीतर मी तेवढा आत आणि तो बाहेर. हैदरला गुंजवण्याला धाडलं.

२५ फेब्रु.

सहाही आले. ओट्यावर बसले. सौ.नं गूळपाणी ठेवलं, शिवले नाहीत.

तुका म्हणाला, "सांगू की कौन्सिलात. पर आदी तुमचा आंगठा द्या."

म्हटलं, अंगठा कशाला, सही करतो. बाळूचा जबाब मी बनवला, हेच हवं ना? आत्ता लिहून देतो.

"सई नगं. आंगठा. लिवायचं काय त्ये आमचं आमी बगू." मुंडाशातून कागद काढला, घडी मोडून माझ्यापुढं ठेवला. कोरा. हैदरनं खिशातून चौकीतली शाईची गादी काढून शेजारी ठेवली. मी त्याला आणायला सांगितली नव्हती.

"काय लिहिणार?" विचारलं.

"आमीबी तवा हेच इचारलं व्हतं, सायेब. तुमी म्हनला, तुला काय करायचंय, टेक."

धर्मशाळेत उतरलेत. उद्या आठला येतील, कौन्सिल दहाला. कागद अजून ओट्यावरच आहे. वाऱ्यानं उडू नये म्हणून सौ.नं त्यावर वरवंटा ठेवलाय.