निळ्या ठिपक्याची बाजू

पप्पा, तुमच्या प्लेअरला अखेर सुई मिळाली. उल्हासनगरलाच, त्याच बोळातल्या जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात. आता गल्ल्यावर शेठचा मुलगा बसतो आणि समोर मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. अगदी बापावर गेलाय, आधी नाही म्हणतो आणि मग माळ्यावर चढतो. काल दुपारी बदलापूरच्या, खरवईतल्या या फ्लॅटचं दार लावून घेतलं आणि तुमच्या रेकॉर्डी एकेक करून लावल्या. ती सगळ्यात शेवटी लावली. तिच्याबद्दलच लिहायचं आहे, कारण तुम्ही होतात तोवर आपल्या घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती.

तुमचं वेड एकाच गायन पार्टीचं. तरुणपणी त्यांना कुठल्याशा मैदानात, धुळीत मांडी घालून ऐकलंत आणि तिथेच अडकलात. आपल्या वस्तीत, बुवापाड्यात, घरोघरी कॅसेट आल्या तरी तुम्ही रेकॉर्डच शोधत राहिलात. कॅसेटमधली ढोलकी शेजारच्या खोलीत वाजल्यासारखी वाटते, असं तुमचं म्हणणं. रविवारी विहारात तुम्ही वंदना घ्यायचात आणि तिथून थेट मला घेऊन उल्हासनगरच्या जुन्या बाजारात. शेठ हळू आवाजात सांगायचा, तुमच्या पार्टीची आली आहे, दुसऱ्या कुणाला दाखवली नाही. तो हे प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगत असणार, असं आई म्हणायची. तुम्ही रेकॉर्ड फक्त कडेनं धरता, दुकानाबाहेर येऊन उन्हात तिरकी करता आणि एक डोळा मिटून बघत राहता. चरा दिसला की स्वतःच्या पायात काटा गेल्यासारखं तोंड करता. मी कंटाळून एका पायावर उभी असते.

त्यातली एक छोटी रेकॉर्ड तुमचा जीव की प्राण. एका बाजूला तुमचं सगळ्यात आवडतं भीमगीत आणि दुसऱ्या बाजूला देवीचं गाणं. मी एकदा विचारलं होतं की आपल्या माणसांनी असं का केलं. तुम्ही म्हणालात, कंपनीला जत्रेत खपणारं हवं असतं आणि गाणाऱ्यालाही पोट असतंच. चिडला नाहीत, हे माझ्या लक्षात आहे. पण आपलं देवदेवी मानणार नाही अशी प्रतिज्ञा घेतलेलं घर, ती बाजू आपल्याकडे कधी वाजली नाही. चुकून सुई तिकडे टेकू नये म्हणून तुम्ही भीमगीताच्या बाजूवर शाईचा निळा ठिपका दिलात. सगळं रामायण त्या ठिपक्यानं केलं.

मी नववीत असतानाची जयंती. तोवर तुम्ही रेकॉर्ड कुणाच्या हाती दिली नव्हती, पण मंडळाच्या पोरांनी तुमचं हेच गाणं पाहिजे म्हणून गळ घातली आणि जयंतीला नाही कसं म्हणणार? लाउडस्पीकरवाला उल्हासनगरचा, नवीन. तुम्ही त्याला बजावून सांगितलंत की ठिपका बघून लाव. त्यानं मान डोलावली. त्याच्या धंद्यात घासून खराब झालेल्या बाजूला खूण करतात, म्हणजे ती लावायची नाही. हे तुम्हाला कुठून ठाऊक असणार, आणि तुमच्या ठिपक्याचा अर्थ त्याला तरी कुठून?

भर दुपार. सगळे पांढऱ्या कपड्यांत, वर निळ्या पताका, मोठ्या पातेल्यात खीर चाललेली. खांबावरच्या कर्ण्यातून ढोलकी सुरू झाली आणि पाठोपाठ त्याच ओळखीच्या, जराशा बसक्या आवाजात देवीचं नाव आलं. खीर ढवळणाऱ्या मावशींचा हात थांबला. सगळ्या बुवापाड्यावर ते गाणं ऐकू जात होतं. तुम्ही धावत जाल असं मला वाटलं. तुम्ही चालत गेलात, सुई हलकेच उचललीत आणि रेकॉर्ड छातीशी धरून मागे वळलात. तोवर माणसं गोळा झाली होती. रेकॉर्ड कुणाची हे सगळ्यांनाच माहीत होतं. मागून कुणीतरी बोललं, ‘वंदना घेणाऱ्याच्या घरात अजून देवी आहे वाटतं.’ आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले. त्या क्षणी मला देवीचं काही नव्हतं आणि मंडळाचंही नव्हतं. ती रेकॉर्ड आता फुटणार, एवढंच मला दिसत होतं.

मंडळाचे अध्यक्ष कारखान्यात तुमच्याच शिफ्टला. ते तुमच्याकडे न बघता म्हणाले, ‘फोडून टाका. आत्ता, सगळ्यांसमोर. विषय संपला.’

तुम्ही रेकॉर्ड पुढे केलीत. ‘पाठीला भीमगीत आहे. तेपण फुटंल. ज्याला चालंल त्यानं या पुढं.’

कुणी पुढे आलं नाही. मघा बोललेला माणूसही चपलेकडे बघत राहिला. मला वाटलं, सुटलो. पण अध्यक्षांना माघार घेणं जड जात होतं. ते म्हणाले, मग ती बाजू तरी निकामी करा, पुन्हा वाजता कामा नये. मंडपाच्या बांबूजवळ पडलेला खिळा कुणीतरी आणून दिला. तुम्ही मंडपाच्या सावलीतून बाहेर आलात, रेकॉर्ड उन्हात तिरकी धरलीत आणि एक डोळा मिटून तिच्याकडे बघत राहिलात. मला वाटलं, शेवटचं बघून घेताहेत. मग तुम्ही खिळा टेकवलात. तो कर्र आवाज आला आणि मी तोंड फिरवलं.

लोक पुन्हा कामाला लागले. दुसरी बाजू लागली, खीर वाटली गेली. तुम्ही वंदना घेत राहिलात, पण ती रेकॉर्ड फडक्यात बांधून ट्रंकेच्या तळाशी गेली. त्यानंतर मी तुमच्याबरोबर बाजारात आले नाही. अभ्यास आहे, असं सांगायची. खरं तर मला तुमचा राग आला होता. पुढे कारखाना बंद झाला, तुम्ही गेलात, मी लग्न होऊन बदलापूरला आले. राग मात्र जिथल्या तिथे होता. इतकं बिनतोड बोलला होतात, मग खिळा हातात घेतलातच कशाला?

काल फडकं सोडलं. निळा ठिपका फिका झालाय. पलीकडच्या बाजूला चरा आहे, चांगला खोल. तो येईपर्यंत जितकं ऐकू येईल तितकं ऐकावं म्हणून सुई कडेला टेकवली. ढोलकी आली, पेटी आली, तो बसका आवाज आला. आता अडेल, मग अडेल म्हणून मी सुईजवळ हात धरून बसले होते. सुई अडली नाही. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, गाणं पुरं संपलं आणि त्यानंतरच टक टक सुरू झाली. तुमचा चरा गाण्यावर नाहीच. आतल्या लेबलला लागून, गाणं संपल्यावर जी कोरी पट्टी राहते, तिच्यावर आहे. उन्हात धरून तुम्ही गाणं कुठे संपतं ते बघत होतात.

पप्पा, मला सांगायला काय झालं होतं? मी कुणाला बोलले असते? इतकी वर्षं तुम्ही एका पोरीचा राग मुकाट्यानं सहन केलात आणि तुमच्या त्या पार्टीचा आवाज जपलात. मला तुमचा अभिमान वाटतो आणि पुन्हा रागही येतो, दोन्ही एकदमच.

हे कुठे पाठवायचं नाहीच, रेकॉर्डच्या फडक्यातच ठेवते. एक मात्र कबूल करते. देव मी मानत नाही, तुम्ही वाढवलीत तशीच आहे. पण ते गाणं मला आवडलं. टक टक थांबवायला उठले आणि सुई उचलून पुन्हा कडेला ठेवली.