एक दिवसाआड धार

कोल्हापूर,
दुसऱ्या खेट्याचा दुसरा दिवस, सोमवार

प्रिय विजू,

पत्र बघून आधी घाबरू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत, आणि आई तर माझ्याहून ठणठणीत आहे. मी फोनच करणार होते. पण फोनवर तू कुठलाही विषय दोन मिनिटांत चेष्टेवर नेतोस आणि तो अंगाशी यायला लागला की ‘ठेवतो ताई, साहेब आले’ म्हणून पसार होतोस. पत्राला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा नागपूरच्या तुझ्या खोलीत नीट चहा करून घे आणि बसून शेवटपर्यंत वाच. काल रात्रीच्या जेवणाआधी फोनवर तू हसत हसत चष्म्याचं जे सांगितलंस, त्याच्याकडे मी येणार आहे, पण माझ्या वाटेनं. गणिताच्या बाईंना पायऱ्या गाळलेल्या चालत नाहीत, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

आधी माझी आनंदाची बातमी. माझी गोळी सुटली. कसली गोळी, तर तुम्हा सगळ्यांना मी थायरॉईडची म्हणून सांगत आले ती. ती थायरॉईडची नव्हती रे. ती नैराश्यावरची होती आणि ती मी जवळजवळ तीन वर्षं घेत होते. यंदा संक्रांतीला तिळगूळ वाटून झाल्यावर तिचा शेवटचा बारका तुकडा गिळला. त्याला आता महिना होऊन गेला. मी जेवते, झोपते, अमरशी भांडते, आणि काल अनवाणी चालत जोतिबाचा दुसरा खेटासुद्धा करून आले. इतकी खूश आहे की आज नववी ‘ब’ला गृहपाठच दिला नाही. मुलींना वाटलं, बाईंना बरं नाही.

सुरुवात कशी झाली ते विचारशील. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं, तीच तर पंचाईत होती. एके दिवशी फळ्यावर समीकरण सोडवताना हात थांबला. पुढची ओळ येत होती, पण लिहावीशी वाटत नव्हती. मग आंघोळ करावीशी वाटेना, केस विंचरावेसे वाटेनात, आणि एकदा तर अमर कामावरून आला तेव्हा मी सकाळी बसले होते त्याच खुर्चीत तशीच बसलेली होते. दुसऱ्या दिवशी त्यानं कागलच्या कारखान्यात रजा टाकली आणि मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्या बाईंनी दिलेल्या गोळीनं दीड-दोन महिन्यांत मी माणसात आले. म्हणून सांगते, त्या गोळीशी माझं भांडण नाही. तिनं मला खुर्चीतून उठवलं. भांडण झालं ते मी तिला ज्या रीतीनं निरोप दिला त्याच्यावरून.

ते असं झालं. गेल्या वर्षी खेटे सुरू झाले. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, पाच रविवार डोंगरावर चालत जायचं आणि देवासाठी काहीतरी सोडायचं. अमरनं तंबाखू सोडली. शेजारच्या तानाबाईंनी मटण सोडलं आणि पहिल्याच बुधवारी त्यांच्या घरातून वास आला, तो भाग वेगळा. मला तर सगळं मस्त वाटत होतं. मी जोतिबापुढं हात जोडले, चांगभलं म्हटलं आणि गोळी सोडली. कुणाला विचारलं नाही, डॉक्टरांनाही नाही. उरलेली पाकिटं घरी येऊन डाळीच्या डब्यामागं टाकली. वर्गात मुलींना एक पायरी गाळली म्हणून अर्धा गुण कापणारी बाई मी, आणि मी सगळ्या पायऱ्या गाळून थेट उत्तराला शून्य लिहून मोकळी झाले.

पुढच्याच रविवारी, दुसऱ्या खेट्याला, डोंगराच्या वाटेवरच्या गायमुखाशी पोचले आणि अमर कुठं राहिला म्हणून नजर बाजूला नेली, तर डोक्यात सट्‌कन करंट बसला. दुखलं नाही, पण आतून झटका. पुन्हा नजर फिरवली, पुन्हा सट्‌. मी एका अनोळखी म्हाताऱ्याचा दंड घट्ट धरला. तो बिचारा म्हणाला, ‘काय पावणं, चक्कर आली व्हय? बसा हितंच, देव कुटं पळून जात न्हाय.’ त्यानं मला गूळ-शेंगदाणे खायला घातले. मला वाटलं, उपाशीपोटी चढल्यामुळं होतंय. पण खाली उतरल्यावरही झटके थांबले नाहीत. मग मळमळ, घाम आणि अशी ठसठशीत स्वप्नं, की मुख्याध्यापक आपल्या गावच्या गोठ्यात बसून माझे पेपर तपासतायत.

आणि रडणं! एका संध्याकाळी अमर फुटबॉलची मॅच बघून आला. त्याच्या पेठेच्या संघानं पेनल्टी वाया घालवली होती. तो सांगत होता आणि मी हुंदके देऊन रडायला लागले. तो म्हणाला, ‘आगं, वाईट मलाबी वाटलंय, पण एवढं?’ आज हे लिहिताना हसू येतंय. तेव्हा मात्र मी मनातून पार खचले होते. मला वाटलं, आजार परत आला. आता ती खुर्ची, ते बसून राहणं, सगळं पुन्हा. आणि वरून देवाला दिलेला शब्दही मोडणार. कायमची गोळी कपाळी आली, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

शेवटी डाळीच्या डब्यामागची पाकिटं अमरला सापडली आणि त्यानं मला पुन्हा त्याच डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी शांतपणे एकच विचारलं, गोळी बंद केल्यावर किती दिवसांत हे सुरू झालं? मी म्हटलं, आठवड्याभरात. आणि पहिल्या आजारात असे झटके बसायचे का? कधीच नाही. मग त्या म्हणाल्या, हा आजार परत आलेला नाही, अंगाला सवय झालेली गोळी तुम्ही एकदम काढून घेतलीत म्हणून अंग ओरडतंय. आता पुन्हा सुरू करा आणि मी सांगेन तशी हळूहळू कमी करू. विजू, तीन दिवसांत झटके थांबले. मला तर गायमुखापर्यंत परत जाऊन त्या म्हाताऱ्याला सांगून यावंसं वाटलं.

पण मन खट्टूच होतं. त्याच आठवड्यात गावी गेले तर आई गोठ्यात होती. आपली काळी म्हैस गाभण होती आणि आई विण्याआधी तिचं दूध आटवत होती. मी दारात उभी राहिले आणि काय झालं कुणास ठाऊक, आईला सगळं सांगून टाकलं. खुर्ची, गोळी, थायरॉईडची थाप, देवाला दिलेला शब्द, झटके. मला वाटलं आता आई कपाळाला हात लावणार. ती म्हशीच्या पाठीवर हात ठेवून ऐकत राहिली आणि म्हणाली, ‘शिकलेली बाई तू, एवढं कळू नये? हिची धार मी एकदम बंद केली तर कास दगडावानी हुईल की. आधी दोन वेळची एक वेळ करायची, मग एक दिसाआड, मग दोन दिसांनी. तवा कुटं आटती. आन् देवाचं म्हणशील, तर त्यानं तुला कवा सांगितलं व्हतं गं, माझ्यापायी गोळी सोड म्हणून?’ मी पेंडीच्या पोत्यावर बसून पोट धरून हसले. किती महिन्यांनी तसं हसले, ते आठवत नाही.

तेव्हापासून आमची खूण ठरली. दर रविवारी आईचा फोन यायचा आणि ती फक्त विचारायची, ‘धार किती?’ घरात पाव्हणे असोत, मी बाजारात असो. मी म्हणायची, एक वेळ. पुढं म्हणायची, पाऊण वेळ, कारण माझं आटवणं डॉक्टरांच्या चिठ्ठीनं चालायचं, मिलिग्रॅमचा हिशेब म्हशीहून बारीक. स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटतं की मी गावी मोठा गोठा सांभाळते. एका बाईनं तर माझ्याकडं तुपाची मागणी नोंदवली आहे.

सरळ झालं असं समजू नकोस. दर वेळी कमी केलं की आठ-दहा दिवस चिडचिड, थोडी चक्कर, रात्रभर विचित्र स्वप्नं. श्रावणात एका टप्प्यावर इतकं जड गेलं की डॉक्टरांनी पुन्हा एक पायरी वर चढवलं. मी रडत आईला फोन केला की धार वाढली. ती म्हणाली, ‘वाढली तर वाढली. म्हस काय कॅलेंडर बघून आटती व्हय?’ शेवटचा तुकडा सगळ्यात अवघड गेला. इवलासा, पण त्यालाच दोन महिने लागले. अमर रोज सकाळी मला घेऊन रंकाळ्याला फेरी मारायचा. तोवर इकडं काळी म्हैस कधीच व्याली होती, आणि झालेली रेडी आता गोठाभर उड्या मारते. आई म्हणते, म्हशीनं तुझ्याआधी उरकलं. यंदा मी देवापुढं चहा सोडलाय. तोही एकदमच, म्हणून पहिला आठवडा डोकं धरून बसले होते. सुधारायला अजून वाव आहे.

आता तुझ्याकडं येते. दिवाळीत तू घरी होतास तेव्हा जेवणानंतर ओट्याकडं तोंड करून एक गोळी घेतलीस आणि मी बघितलं तसं ‘ॲसिडिटी’ म्हणालास. पाकिटाचा कोपरा मला दिसला. ते पाकीट मी तीन वर्षं हातात धरलंय, विजू, ते मी कुठूनही ओळखते. तेव्हा मी गप्प बसले. मला वाटलं, तू होऊन सांगशील, आणि माझं स्वतःचंच अजून आटत होतं. ते माझं चुकलं. त्याच वेळी मी माझं पाकीट तुझ्या शेजारी आणून ठेवायला हवं होतं. पंधरा दिवसांपूर्वी तू म्हणालास, औषधंबिषधं सगळी बंद केली, आता एकदम फिट. आणि काल म्हणालास, ‘ताई, नजर बाजूला नेली की डोक्यात करंट बसतोय, चष्म्याचा नंबर वाढला बहुतेक.’ चष्म्याच्या नंबरानं असं होत नाही रे बाळा. तू खेट्याला न जाताच माझी चूक केलीस. आजार परत आला असं ठरवून एकट्यानं खचू नकोस, आणि स्वतःच्या मनानं काही सुरूही करू नकोस, बंदही करू नकोस. हे पत्र मिळालं की चष्म्याच्या दुकानात जायच्या ऐवजी तुझ्या डॉक्टरांकडे जा आणि जसं झालं तसं सांग. गोळी अजून वर्षभर लागली तरी लागू दे. बोलवलंस तर मी पुढच्या गाडीनं येते, बॅग भरलेली आहे. आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही, ते तू सांगायचं, आणि ती काय म्हणेल ते तुला आता माहीतच आहे. येत्या रविवारी मी फोन करीन. ‘कसा आहेस’ असं विचारणार नाही, कारण तू ‘मस्त’ म्हणून मोकळा होशील. मी एवढंच विचारीन, ‘धार किती?’ दोन वेळ असली तरी दोन वेळ म्हण. मी ऐकतेय.

तुझीच, तुझ्या आधी त्याच वाटेनं जाऊन आलेली,
भैरवीताई